बॅटमनचा पोशाख कसा बदलत गेला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटमनचा पोशाख बदलला की चाहते चित्रकाराच्या किंवा दिग्दर्शकाच्या आवडीनिवडीवर बोट ठेवतात. आवडनिवड असतेच, पण यातले कितीतरी बदल शाईने, कागदाने, कॅमेऱ्याने आणि रबराने घडवून आणले आहेत. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत. शेवटचे काही प्रश्न पोशाख स्वतः शिवणाऱ्यांसाठी आहेत.

पहिला पोशाख नेमका कसा होता?

बॅटमन पहिल्यांदा दिसला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. अंकावर तारीख आहे मे १९३९. अंगाला घट्ट बसणारा राखाडी पोशाख, काळा काऊल (डोकं आणि मान झाकणारा मुखवटा), काळी केप (खांद्यांवरून पाठीमागे सोडलेलं कापड), काळी चड्डी, पिवळा पट्टा आणि छातीवर काळं वटवाघूळ. हातमोजे मात्र आखूड आणि जांभळे. कान लांब असून बाजूला थोडे फाकलेले आहेत, आणि केप खांद्यांमागे पंखांसारखी ताठ पसरते.

बॅटमनचा निर्माता, चित्रकार बॉब केन याच्या सुरुवातीच्या कल्पनेत पोशाख लाल होता, पाठीला कडक पंख होते आणि डोळ्यांवर छोटीशी पट्टी. काऊल, कापडी केप, हातमोजे आणि राखाडी रंग सुचवले त्याचा लेखक-सहकारी बिल फिंगरने. म्हणजे आज अंधारात नुसती बाह्यरेषा पाहून जो बॅटमन ओळखू येतो, तो मोठ्या प्रमाणात फिंगरचा आहे. त्याचं नाव अधिकृत श्रेयात यायला २०१५ साल उजाडलं, ही गोष्ट पोशाखाच्या इतिहासात मोठ्या अक्षरात लिहायला हवी.

केप मुळात काळी की निळी?

काळी. निळी झाली ती छपाईमुळे.

त्या काळच्या कॉमिक्समध्ये चित्रकार काळ्या शाईने रेषा आणि भरीव काळा भाग काढत असे. रंग नंतर छपाईच्या वेगळ्या पाट्यांवरून चढत. आता सगळी केप एकसारखी काळी भरली, तर घडी दिसत नाही, हात केपच्या पुढे आहे की मागे हे कळत नाही, आणि मागे रात्रीचं आकाश असेल तर आकृतीच नाहीशी होते. त्यावर उपाय म्हणून काळ्या भागात उजेडाच्या जागा मोकळ्या सोडत आणि तिथे निळा भरत. त्या निळ्याचा अर्थ "काळ्या कापडावर पडलेला उजेड" असा होता. सुपरमॅनच्या काळ्या केसांतली निळी झाकही याच रीतीची.

पुढे या मोकळ्या जागा मोठ्या होत गेल्या. भरीव काळा भरायला वेळ लागतो. स्वस्त कागदावर शाईचे मोठे पट्टे डागाळतात, पाठीमागे उमटतात. हळूहळू काळं फक्त घड्यांच्या सावलीपुरतं उरलं आणि वाचकांच्या मनात केप निळीच ठरली. खेळणी, टीव्ही, जाहिराती सगळीकडे ती निळी आली. संगणकावर रंगवायची सोय आणि गुळगुळीत कागद आल्यावर काळ्या-करड्या छटा नीट उमटू लागल्या, तेव्हा निळ्याची गरज उरली नाही. तरीही काही चित्रकार आजही निळी केप मुद्दाम वापरतात. जुना, दिवसाढवळ्या वावरणारा बॅटमन सुचवायचा असेल तर तो निर्णय चांगलाच असतो.

जुन्या अंकांत राखाडी कुठे जांभळट, कुठे हिरवट का दिसतो?

रंगासाठी तीन शाया असत: निळी, किरमिजी आणि पिवळी. प्रत्येकीच्या चार पातळ्या: शून्य, २५ टक्के, ५० टक्के आणि पूर्ण. ४ × ४ × ४ धरले तर एकूण ६४ रंग. काळी शाई रेषांसाठी राखलेली, तिची फिकी छटा वापरत नसत. त्यामुळे राखाडी हवा असेल तर तिन्ही शाया २५ टक्के एकावर एक चढवाव्या लागत.

इथेच गडबड होते. किरमिजी शाई थोडी जास्त आली की राखाडी जांभळट होतो. पिवळी आणि निळी वरचढ झाली की हिरवट. पाट्या अर्धा मिलिमीटर जरी सरकल्या तरी ठिपके वेगळे पडतात. वर कागद वर्षानुवर्षं पिवळा पडतो तो वेगळाच. म्हणून जुन्या अंकाच्या फोटोवरून रंग उचलून "हाच मूळ राखाडी" असं ठरवू नका. एकाच अंकाच्या दोन प्रतींतही तो वेगळा निघतो.

छातीवरचा पिवळा लंबगोल कधी आला आणि का गेला?

आला मे १९६४ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३२७व्या अंकात. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो. खप घसरला होता आणि व्यक्तिरेखेला नवं रूप द्यायचं होतं. राखाडीवरचं नुसतं काळं वटवाघूळ लहान चित्रात डागासारखं दिसे; पिवळ्यावर ते लांबूनही वाचता येतं. शिवाय डबा, बिल्ला, टीशर्ट अशा कशावरही छापायला बंदिस्त आकार सोयीचा.

१९८६ मध्ये लेखक-चित्रकार फ्रँक मिलरने आपल्या बॅटमन कॉमिक्स मालिकेत त्याला एक कारणही देऊन टाकलं: डोक्याला चिलखत घालता येत नाही, म्हणून नेम छातीकडे ओढायचा. चिन्हाच्या मागे जाड चिलखत आहे. युक्तिवाद इतका चपखल की तो पहिल्यापासूनचा आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात लंबगोल आल्यावर २२ वर्षांनी लिहिलेलं ते स्पष्टीकरण आहे.

त्याच मालिकेत पुढे लंबगोल जातो आणि छातीभर रुंद काळं वटवाघूळ येतं. १९८७ मध्ये मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी बॅटमनचं पहिलं वर्ष रंगवलं तेव्हाही चिन्ह लंबगोलाविना होतं. मुख्य मालिकांतून तो २०००मध्ये गेला. नंतर त्याची चाहूल अधूनमधून लागत राहिली. उदाहरणार्थ २०१६ च्या कॉमिक्समधल्या पोशाखात वटवाघळाला फक्त पिवळी किनार आहे.

कान लांब-आखूड का होत राहतात?

कान ही चित्रकाराची सही समजा. १९४० आणि ५० च्या दशकांत डिक स्प्रँगसारख्यांच्या चित्रांत चेहरा चौकोनी, हसतमुख, कान आखूड. १९७० च्या आसपास नील ॲडम्सने कान लांबवले, केप मोठी आणि वाहती केली, अंगकाठी सडसडीत ठेवली. मिलरचा वयस्क बॅटमन जाडजूड, त्याचे कान पुन्हा आखूड.

यामागे प्रमाणाचं गणित आहे. लांब कानांनी आकृती उंच आणि भुतासारखी भासते. आखूड कानांनी मान आणि खांदे रुंद वाटतात. पडद्यावर आणखी एक अडचण येते: चेहरा जवळून दाखवताना लांब कान चौकटीबाहेर जातात आणि गाडीच्या छताला लागतात.

हातमोज्यांवरची पाती कधी आली?

१९४० च्या सुरुवातीला. त्याआधी हातमोजे साधे होते. मनगटापासून कोपराकडे, बाहेरच्या कडेला तीन पाती हा ठरलेला नमुना. केपच्या खालच्या कडेची टोकं, कान आणि ही पाती असे तीन ठिकाणी एकाच जातीचे त्रिकोण येतात, म्हणून पोशाख एकसंध दिसतो. पुढे पात्यांना सुरी अडवण्याचं काम दिलं गेलं.

पँटवरची चड्डी कुठे गेली?

१९३० च्या दशकात सर्कशीतले पहिलवान आणि कसरतपटू घट्ट कपड्यांवर चड्डी घालत. ताकदवान माणूस म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर तोच वेष येई, तिथून ती कॉमिक्समध्ये आली. तिचं दृश्य कामही आहे: एकरंगी शरीर कमरेपाशी तुटतं आणि पाय कुठे सुरू होतात ते लहान चित्रातही कळतं.

चित्रपटांनी १९८९ मध्येच ती काढली. कॉमिक्समध्ये सप्टेंबर २०११ ला बॅटमनची प्रकाशनसंस्था डीसीने सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या तेव्हा गेली. गेल्याबरोबर कमरेखालचा जो भाग मोकळा पडला तो भरायला चित्रकारांनी शिवणी, चिलखताच्या कडा आणि आडव्या रेषा घातल्या. आमच्या मते यातल्या बऱ्याचशा रेषा नुसत्या भरताड आहेत. चड्डी एका आकारात जे साधत होती, त्यासाठी वीस रेषा खर्ची पडल्या.

१९६६ च्या टीव्ही मालिकेतला पोशाख इतका चकचकीत का?

ॲडम वेस्टने बॅटमन साकारलेली मालिका जानेवारी १९६६ ते मार्च १९६८ चालली. रंगीत टीव्ही घरोघरी पोहोचत होते आणि रंग दिसणं हेच आकर्षण होतं. म्हणून निळी सॅटिनची केप, पिवळा लंबगोल, काऊलवर रंगवलेल्या भुवया. त्या आधीच्या १९४३ आणि १९४९ च्या कृष्णधवल चित्रपट-मालिकांत कापड सैल होतं आणि सुरकुत्या झाकायला काही नव्हतं. टीव्हीने निदान रंगाची बाजू जिंकली.

१९८९ च्या चित्रपटात सगळं काळं का झालं? आणि मान का वळत नव्हती?

दिग्दर्शक टिम बर्टन, वेशभूषाकार बॉब रिंगवूड. बॅटमन साकारणाऱ्या मायकल कीटनची अंगकाठी पिळदार नव्हती. राखाडी लवचिक कापड खऱ्या माणसावर खऱ्या माणसासारखंच दिसतं: गुडघ्याला पोक, पोटाला चुणी. म्हणून शरीरच नव्याने घडवलं.

रीत अशी. नटाच्या शरीराचा साचा घेतात. त्यावर मातीत स्नायू घडवतात. त्याचा उलटा साचा करतात आणि दोन साच्यांच्या मधल्या जागेत फेसाळलेलं लेटेक्स (रबराचा चीक) भरून भट्टीत भाजतात. निघतो तो हलका, स्पंजासारखा फोम लेटेक्स. तो काळा केला की सांधे आणि दोष सावलीत जातात, आणि उजेड फक्त स्नायूंच्या उंचवट्यावर पडतो.

मानेचं दुखणं रचनेतच होतं. काऊल डोक्यापासून खांद्यांपर्यंत सलग. डोकं फिरवलं की रबर पिळला जातो, डोळ्यांची भोकं जागेवरून सरकतात, आणि जास्त ओढलं तर फाटतं. म्हणून कीटन कमरेपासून अख्खा वळत असे. त्या ताठ वळण्यातून व्यक्तिरेखेला एक दरारा मिळाला, हे खरंच. पण मारामारीच्या दृश्यांत तो फार आड येतो. फोम लेटेक्स घामाने आणि ताणाने लवकर फाटतो, त्यामुळे अशा चित्रपटांना एकाच पोशाखाच्या अनेक प्रती लागतात.

मानेचा प्रश्न सुटला कधी?

२००८ मध्ये. वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांचा २००५ च्या चित्रपटातला पोशाख निओप्रीनच्या (लवचिक कृत्रिम रबराच्या) पायावर फोम लेटेक्स चढवलेला होता, काऊल अजून सलगच. २००८ च्या चित्रपटासाठी तो जाळीदार कापडावर शंभराहून अधिक तुकडे बसवून केला आणि काऊल मोटारसायकलच्या हेल्मेटसारखा मानेपासून सुटा केला. डोकं डावी-उजवीकडे वळू लागलं. कथेतही बॅटमन डोकं फिरवता येईल असा पोशाख मागतो, म्हणजे निर्मितीतली अडचण थेट संवादात आली.

पुढे २०१६ च्या चित्रपटात वेशभूषाकार मायकल विल्किन्सन यांनी पुन्हा राखाडी कापडाचा भास, आखूड कान आणि छातीभर चिन्ह आणलं. मूळ प्रेरणा मिलरच्या १९८६ च्या मालिकेची. २०२२ च्या चित्रपटातला पोशाख ग्लिन डिलन आणि डेव्हिड क्रॉसमन यांचा: काऊलवर चामड्यासारखी शिवण, अंगावर घरी जुळवल्यासारखं चिलखत.

कॉमिक्समध्ये डोळे पांढरे असतात, चित्रपटांत का नाहीत?

रेखाचित्रात बुबुळं गाळली की चेहरा अमानवी होतो आणि भाव भुवयांच्या कोनातून दाखवता येतो. पडद्यावर नटाचा अर्धा चेहरा आधीच झाकलेला. डोळेही झाकले तर उरतो फक्त जबडा. म्हणून डोळ्यांभोवती काळा रंग लावतात, नाहीतर मुखवटा आणि कातडी यांच्यामध्ये गोरी कड दिसते. १९९२ च्या चित्रपटात मुखवटा ओढून काढण्याच्या क्षणी तो काळा रंग अचानक नाहीसा होतो. २०२२ च्या चित्रपटाने मुखवटा काढल्यावरही तो चेहऱ्यावर राहू दिला. आम्हाला हे प्रामाणिक उत्तर वाटतं.

एखादं चित्र पाहून त्याचा काळ कसा ओळखायचा?

आधी छाती बघा. लंबगोल असेल तर बहुधा १९६४ ते २०००. लंबगोल नसेल तर चड्डी बघा: चड्डी नसली की २०११ नंतरचं. चड्डी आहे, लंबगोल नाही, तर पट्ट्यावर जा. पट्ट्यावर नळकांडी असतील तर जुना काळ. फुगीर खिसे असतील तर १९८६ नंतरचा. हातमोजे जांभळे दिसले तर अगदी सुरुवात.

कानांवरून काळ ठरवू नका, चित्रकार ठरवा. केपच्या रंगावरूनही नाही, कारण जुन्या गोष्टी नव्याने रंगवून पुन्हा छापल्या जातात. आणि भूतकाळातल्या कथांत आजचे चित्रकार जुना पोशाख मुद्दाम काढतात, तेव्हा कागद आणि ठिपके यांचीही साक्ष घ्या. अपवादही आहेत: १९९५ मध्ये काही काळ जवळजवळ पूर्ण काळा पोशाख होता.

स्वतः शिवायचा तर कोणत्या काळातला निवडावा?

१९७० चा. राखाडी लवचिक अंगरखा, काळी किंवा गडद निळी चड्डी, मोठी केप. साचे लागत नाहीत आणि डोकं वळतं. लंबगोल छातीच्या निम्म्या रुंदीचा ठेवा. साधारण १६ सेंमी रुंद, १० सेंमी उंच. तो ताणलेल्या कापडावर शिवा, म्हणजे अंगरखा घातलेला असताना. सपाट ठेवून शिवलात तर अंगावर चढवल्यावर कडा चुणतात.

केपला किती कापड लागतं? कापायची कशी?

१७० सेंमी उंचीच्या माणसासाठी अर्धवर्तुळाकार केपला १५० सेंमी पन्ह्याचं ३ मीटर कापड पुरतं. लांबी १३५ सेंमी ठेवा, म्हणजे कड जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर वर राहते.

कापड आडवं दुमडून १५० × १५० चा चौकोन करा. दुमडीच्या एका कोपऱ्यातून दोन कंस काढा: १३ सेंमीचा गळ्यासाठी, १४८ सेंमीचा खालच्या कडेसाठी. गळा आधी १२ सेंमीवरच कापा. मोठा करता येतो, लहान करता येत नाही. आता केप चोवीस तास टांगून ठेवा. तिरप्या धाग्यावरचा भाग वजनाने खाली उतरतो, आणि ही पायरी टाळली तर दोन्ही बाजूंची टोकं लोंबतात. उतरलेली कड सरळ करून मगच टोकं आखा.

कडेची लांबी साधारण ४६५ सेंमी. सात कमानी घेतल्या तर प्रत्येक ६६ सेंमीच्या आसपास, खोली १५ सेंमी. कमानीचा एकच कागदी नमुना कापा आणि तोच फिरवा. संख्या विषम ठेवली की पाठीच्या मधोमध कमान येते, सम ठेवली की टोक. गोल कडेला रुंद दुमड घालू नका, ती पिळते. अर्ध्या सेंटिमीटरची दुमड किंवा पट्टी लावा. टोकं वाऱ्यात वर उडत असतील तर प्रत्येकात एक छोटं वजन शिवा. चमकदार सॅटिन १९६६ साठी. बाकी सगळ्या काळांना जड, मंद कापड.

काऊल फोमचा कसा करायचा, आणि तो कुठे बिघडतो?

५ मिमी ईव्हीए फोम (लवचिक, रबरासारखा फोमचा पत्रा) घ्या. डोक्याला प्लास्टिकचा पातळ कागद आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. नाक आणि तोंड पूर्ण मोकळं हवं, आणि हे काम दुसऱ्याने करावं. त्यावर मध्यरेषा आणि डोळ्यांच्या जागा आखून कापून काढा. हा झाला नमुना.

पहिली चूक इथेच होते: नमुना तसाच फोमवर उतरवतात आणि काऊल घट्ट होतो. जाडीमुळे घेर वाढवावा लागतो. ५ मिमी फोमला एकूण सुमारे दीड सेंमी, म्हणजे प्रत्येक अर्ध्याला पाऊण. कॉन्टॅक्ट ॲढेसिव्ह हा गोंद दोन्ही कडांना लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, थांबा आणि मग दाबा. ओलं असताना जोडलं तर सांधा सुटतो. रंगाआधी हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) पृष्ठभाग फिरवून घ्या, छिद्रं मिटतात. नाहीतर फोम रंग पीत राहतो. वर लवचिक थर द्या, कडक रंग पहिल्या वाकण्यातच तडकतो. गोंद आणि तापलेल्या फोमचा वास अंगाला बरा नसतो, खिडक्या उघड्या ठेवा.

कान दोन वेगवेगळे कापून अंदाजाने चिकटवू नका. आधी टाचण्यांनी लावून आरशात बघा: पुढून समांतर, बाजूने किंचित मागे. बुंध्याला पाच-सहा सेंमी रुंदी नसेल तर कान चालताना हलतात. मान वेगळ्या तुकड्यात करा आणि तिची वरची कड काऊलच्या आत घ्या.

काळा पोशाख फोटोत एकसंध डाग दिसतो. काय करावं?

समोरून जास्त उजेड टाकून फायदा नाही, राखाडी फिका पडतो आणि काळं तसंच राहतं. एक दिवा मागून तिरपा, खांदा आणि कान यांच्या कडेवर पाडा. केप मंद आणि काऊल किंचित चकचकीत ठेवला तर दोन्ही काळे वेगळे दिसतात. २००५ च्या चित्रपटातल्या केपला नायलॉनवर बारीक लव बसवली होती, ती याच मंदपणासाठी उपयोगी पडते.

लेटेक्सचे भाग जपून कसे ठेवायचे?

ऊन, तेल आणि तांबं यांपासून लांब. ऊन लेटेक्सला कडक करतं, तेल विरघळवतं, तांब्याच्या स्पर्शाने डाग पडतात. वापरल्यावर कोमट पाण्याने घाम धुऊन सावलीत वाळवा, आतून टाल्कम पावडर लावा आणि डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर ठेवा. घडी घालून पेटीत ठेवलेल्या काऊलची घडी कायमची बसते.